विषय: पुण्यातील स्कायलाइन आणि तिची कागदपत्रे

पत्र पहिले : एक सभासद, नागोया

सर्व सभासदांना सप्रेम नमस्कार.

आयात गाड्यांच्या कायद्याची माहिती असलेल्या सभासदांचे मार्गदर्शन हवे आहे. माझा धाकटा भाऊ पुण्यात कर्वेनगरला राहतो. निसानची स्कायलाइन जीटी-आर घ्यायची हे त्याचे कॉलेजपासूनचे स्वप्न आहे आणि आता बाणेरच्या एका दलालाने त्याला आर३२ पिढीची एक गाडी दाखवली आहे. गाडीला पुद्दुचेरीचा क्रमांक आहे, आरसी आहे आणि विमाही चालू आहे. दलालाचे म्हणणे असे की आरसी झाली म्हणजे सरकारनेच गाडी मान्य केली, आता फक्त एनओसी आणून ती एमएच-१२ वर, म्हणजे पुण्याच्या नोंदणीवर चढवायची. भावाने ५१,००० रुपये इसार दिला आहे. उरलेली रक्कम पंधरा दिवसांत द्यायची असून ती आईबाबांच्या मुदत ठेवी मोडून उभी राहणार आहे, त्यामुळे मला स्वस्थ बसवत नाही.

दुसरा प्रश्न आमचा स्वतःचा आहे. यजमानांकडे १९९९ सालची माझदा आरएक्स-७ आहे. पुढच्या वर्षी आम्ही कायमचे पुण्याला परतत आहोत, तेव्हा घरसामानाबरोबर ती आणता येईल का?

पत्र दुसरे : एक सभासद, एरंडवणे, पुणे (पूर्वी योकोहामा)

ताई, सा. न. वि. वि.

आपले पत्र वाचल्यावर उत्तर उद्यावर टाकणे योग्य वाटले नाही. आधी एक विनंती करतो, भावाला आजच फोन करून सांगा की उरलेल्या रकमेतला एक रुपयाही देऊ नकोस.

दलालाच्या बोलण्यातली मूळ चूक अशी की आरसी हा मोटार वाहन कायद्याखालचा कागद आहे, आणि गाडी देशात कशी आली याचा निवाडा मात्र सीमाशुल्क कायद्याखाली होतो. आरटीओने नोंदणी केली म्हणून कस्टमचा हात आखडत नाही. सीमाशुल्क कायदा, १९६२ च्या कलम १११ प्रमाणे नियम मोडून आणलेला माल जप्तीस पात्र ठरतो, मग तो कितव्याही मालकाच्या हाती असो. लबाडीने बुडवलेल्या शुल्काच्या मागणीला पाच वर्षांची मर्यादा आहे, तशी मर्यादा जप्तीला घालून दिलेली नाही. सर्वोच्च न्यायालयाने एका पोर्शे गाडीच्या प्रकरणात नंतरचा खरेदीदार हा आयातदार नसल्यामुळे त्याच्याकडून शुल्क मागता येणार नाही असे म्हटले आहे आणि तो निकाल सामान्य खरेदीदाराला खरोखरच आधार देणारा आहे, परंतु शुल्काची नोटीस टळणे वेगळे आणि गाडी वाचणे वेगळे. सप्टेंबर २०२५ मध्ये केरळात कस्टमने ‘ऑपरेशन नुमखोर’ या नावाने कारवाई करून भूतानमार्गे आणलेल्या गाड्या ताब्यात घेतल्या. खोट्या कागदपत्रांवर त्यांच्या नोंदण्या करून घेतल्याचा आरोप होता, म्हणजे त्या मालकांनाही कुणीतरी आरसी दाखवूनच गाड्या विकल्या असणार.

म्हणून पहिला कागद मागायचा तो बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयातीच्या वेळी कस्टमकडे दाखल केलेले पत्रक. आयातदार कोण, गाडी कोणत्या बंदरात उतरली, चेसिस क्रमांक काय, किंमत किती धरली आणि शुल्क किती भरले, हे सगळे त्यावर असते.

तुमच्या भावाच्या बाबतीत तर हा कागद असेल असे मला वाटतच नाही. वापरलेल्या गाड्यांची आयात आपल्याकडे २००१ मध्ये खुली झाली ती अटी घालून. गाडी उत्पादनापासून तीन वर्षांपेक्षा जुनी नसावी, स्टीअरिंग उजवीकडे असावे, स्पीडोमीटर किलोमीटरमध्ये असावा, हेडलाइट डावीकडून चालणाऱ्या वाहतुकीला साजेसे असावेत, आणि गाडी फक्त मुंबई बंदरात उतरावी. त्यावर अहिल्यानगरची व्हीआरडीई किंवा आपल्या वेताळ टेकडीवरची एआरएआय अशा एखाद्या वाहन-चाचणी संस्थेचा तपासणीचा दाखलाही लागतो. जपानी गाडीचे स्टीअरिंग मुळातच उजवीकडे असल्यामुळे अनेकांना वाटते की तिला कसली अडचण? अडचण वयाची आहे. आर३२ जीटी-आर १९८९ ते १९९४ एवढ्याच काळात बनली, त्यामुळे आयात खुली झाली तेव्हा त्यातली सर्वांत नवी गाडीसुद्धा तीन वर्षांची अट केव्हाच ओलांडून गेली होती. त्याआधी आली असेल तर परवान्याचा किंवा खास सवलतीचा कागद असलाच पाहिजे. तोही नसेल तर बहुधा दोनच वाटा उरतात. एकतर ती कार्नेवर, म्हणजे शुल्क न भरता तात्पुरती गाडी आणण्याच्या कागदावर, सहा महिन्यांसाठी आणून परत नेलेलीच नाही, किंवा ‘हाफ-कट’ म्हणून, म्हणजे अर्धी कापून सुट्या भागांच्या नावाखाली आणून, इथे जोडलेली आहे.

ही दुसरी वाट मी स्वतः भोगली आहे. २००९ साली पुण्यातल्याच एका व्यापाऱ्याकडून मी एक जपानी स्पोर्ट्स कार घेतली. आरसी होती, विमा होता, तीन वर्षे ती निर्धास्तपणे चालवली. २०१२ मध्ये एका सकाळी साडेसातला चार अधिकारी सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभे राहिले. बॉनेट उघडल्यावर त्यांच्यातल्या एकाने थिनरमध्ये भिजवलेल्या फडक्याने फायरवॉलवरचा, म्हणजे इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यावरचा रंग पुसला, तसा चेसिस क्रमांकाच्या पट्टीभोवती वेल्डिंगचा बारीक वण दिसू लागला. शेवटचे दोन आकडे ओळीच्या किंचित खाली बसले होते. मी मेकॅनिकल इंजिनिअर, ती पट्टी शंभर वेळा पाहिली असेल, पण रंगाखाली काय आहे हे बघावेसे मला कधी वाटले नाही. वरच्या मजल्यावरचे निवृत्त बँक अधिकारी पंच होते आणि पंचनाम्यावर सही करताना ते माझ्याकडे बघत नव्हते. गाडी सुपुर्दनाम्यावर माझ्याच ताब्यात ठेवली, पण ती हलवायची नाही आणि विकायची नाही. साडेतीन वर्षे ती तिथेच उभी होती. टायर बसले, दारांची रबरे कडक होऊन सुटली, मी मुंबईला सुनावणीच्या खेपा घालत राहिलो, आणि शेवटी गाडी गेली. पैसे गेले ते मला सोसता आले. पण माझ्या आईला वाण्याच्या दुकानात कुणीतरी विचारले, “तुमच्या मुलाला पकडलं होतं ना?”, ते अजून सलते. आईबाबांच्या ठेवींचा उल्लेख वाचून मी एवढे सविस्तर लिहीत आहे ते यामुळेच.

विम्यावरही विसंबू नये. विमा कंपनी हप्ता घेताना आयातीचे कागद बघत नाही. दाव्याच्या वेळी सर्व्हेअर चेसिस आणि इंजिनाचे क्रमांक आरसीशी ताडून बघतो आणि ते जुळले नाहीत की स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा अडकतो. एखादा पादचारी जखमी झाला, तर त्याला दिलेली भरपाई कंपनी पुढे मालकाकडून वसूल करायला बघते.

आता तुमच्या आरएक्स-७ विषयी. परतणाऱ्या कुटुंबाला घरसामानावर जी सवलत मिळते तिच्यात मोटारगाडी येत नाही. वापरलेली गाडी म्हणून आणावी तर तीन वर्षांची अट आडवी येते, आणि ती नसती तरी सगळे कर मिळून गाडीच्या मूल्याच्या दुपटीहून अधिक झाले असते. पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांना व्हिंटेज म्हणून वेगळी वागणूक आहे, त्यांच्यासाठी २०२१ पासून ‘व्हीए’ अक्षरांची स्वतंत्र नोंदणीही आहे, परंतु १९९९ च्या गाडीला त्यासाठी २०४९ उजाडावे लागेल. यजमानांचा जीव तिच्यात किती असेल हे मी जाणतो, तरी ती तिकडेच चांगल्या माणसाच्या हाती द्यावी. पंचवीस वर्षे पूर्ण झालेल्या गाड्यांना अमेरिकेत वाट मोकळी असल्यामुळे जपानमध्ये या गाड्यांना गिऱ्हाईक आहे.

पत्र तिसरे : एक माजी सभासद, कॅलिफोर्निया

वरच्या शेवटच्या वाक्याला एक पुरवणी जोडतो, कारण आमच्याकडेही यात लोक फसतात. पंचवीस वर्षांची सूट ही केंद्रीय सुरक्षा नियमांपुरती आहे आणि ती उत्पादनाच्या महिन्यापासून मोजतात, तर जपानी निर्यात दाखल्यावर पहिल्या नोंदणीचा महिना असतो, तोही पुष्कळदा हेइसेई या जपानी सनात. हेइसेई ११ म्हणजे १९९९, एवढे गणित चुकले तरी गाडी बंदरात अडकते. शिवाय कॅलिफोर्नियात १९७५ नंतरच्या मॉडेलला राज्याच्या धूर नियमांची प्रयोगशाळेतली चाचणी पार करावी लागते. कस्टममधून सुटलेली गाडी इथे नोंदणीवाचून गॅरेजमध्ये पडून राहिल्याचे मी पाहिले आहे. ताईंनी विकताना उत्पादनाच्या महिन्याचा पुरावा सोबत द्यावा.

पत्र चौथे : नागोया

दोघांचेही मनापासून आभार. आरएक्स-७ इथेच विकायची असे ठरले आहे. यजमान कालपासून गप्प आहेत, पण त्यांनी ते मान्य केले आहे.

भाऊ काल बाणेरला जाऊन आला. बिल ऑफ एंट्री मागितल्यावर दलाल म्हणाला की ते कागद पुद्दुचेरीच्या मालकाकडे आहेत आणि पैसे पोचल्यावर येतील. एरंडवण्याच्या काकांचा अनुभव ऐकून भावाने बॉनेट उघडून चेसिस क्रमांकाचा पेन्सिल प्रिंट, म्हणजे कागदावर पेन्सिल घासून ठसा घेतला. फायरवॉलवर बीएनआर३२ आणि पुढे सहा आकडे आहेत. आरसीवर मात्र सतरा अक्षरांचा निराळाच क्रमांक आहे आणि उत्पादनाचे वर्ष २००३ लिहिले आहे. दलाल म्हणतो की ही लिहिण्यातली चूक आहे आणि आरटीओत अर्ज केला की दुरुस्त होईल. भाऊ अजून द्विधेत आहे. गाडी चालवून पाहिल्यापासून त्याला दुसरे काही सुचत नाही.

पत्र पाचवे : एरंडवणे, पुणे

ताई, ही लिहिण्यातली चूक नाही. १९९४ नंतर आर३२ जीटी-आर बनलीच नाही, आणि जपानच्या बाजारासाठी बनलेल्या त्या गाड्यांना सतरा अक्षरांचा क्रमांक नसतो. ती आरसी दुसऱ्याच एखाद्या गाडीची आहे, बहुधा अपघातात निकालात निघालेल्या गाडीची. दुरुस्तीचा अर्ज भावाने आपल्या नावाने मुळीच करू नये. खोट्या माहितीवर मिळवलेली नोंदणी मोटार वाहन कायद्याच्या कलम ५५ खाली रद्द होते आणि अर्जावर सही त्याची राहील.

एक गोष्ट त्याला नीट समजावून सांगा. परवापर्यंत तो अजाण गिऱ्हाईक होता. सीमाशुल्क कायद्याची कलमे ११२ आणि १३५ अशा माणसाला लागू होतात ज्याला माल जप्तीस पात्र आहे हे माहीत आहे किंवा तसे मानायला कारण आहे, आणि त्यांत दंडाबरोबर कारावासही आहे. पेन्सिल प्रिंट घेतल्यानंतर आपल्याला माहीत नव्हते असे त्याला म्हणता येणार नाही.

इसार परत मागता येतो. खोटी माहिती देऊन मिळवलेल्या संमतीवर झालेला करार, करार कायदा, १८७२ च्या कलम १९ प्रमाणे रद्द करता येतो. भावाने दलालाचे सर्व संदेश, पैसे पाठवल्याची नोंद, आरसीची प्रत आणि तो पेन्सिल प्रिंट घेऊन शनिवारी सकाळी दहाला माझ्याकडे यावे. माझ्या प्रकरणात ज्यांनी मदत केली त्या वकीलबाई त्या वेळी घरी येणार आहेत, नोटीस तिथेच लिहून स्पीड पोस्टाने पाठवू. मुदत ठेव मोडण्याचा अर्ज बँकेत दिला असेल, तर तो शुक्रवारच्या आत मागे घ्यावा.

कळावे, लोभ असावा.