शब्दचर्चा : कपलिंग ‘आउट’ आहे म्हणजे नेमकं काय?

विचारणा, शिरोली एमआयडीसी

मालवणकडच्या एका शिडाच्या, पण इंजिनही असलेल्या होडीचा शाफ्ट (पंखा फिरवणारा दांडा) आणि कपलिंग (तो दांडा गिअरबॉक्सला जोडणारी तबकडी) कामाला आलंय. चिठ्ठीवर एवढंच लिहिलंय : ‘कपलिंग आउट, होडी थरथरते.’ शाफ्ट २५ मिमी, कपलिंगची तबकडी १०० मिमी. आपल्याकडं पंपाच्या कामात ‘आउट’, ‘सेंटर गेलं’, ‘वबल मारतंय’ हे शब्द सरमिसळ वापरतात. होडीवर यातलं कुठलं लागू? आणि ‘लाइनमध्ये घेणं’ हे काम लेथवरचं की होडीवरचं?

उत्तर, शिवाजी उद्यमनगर

यात तीन वेगळे दोष आहेत. एकाच शब्दात कोंबले की चुकीचं काम होतं.

‘रन-आउट’ म्हणजे शाफ्ट वाकलाय किंवा तबकडीचा फेस, म्हणजे जोडायचं सपाट तोंड, शाफ्टला काटकोनात नाही. हा दोष शाफ्टबरोबर फिरतो. वबल तो हाच, आणि तो होडीवर नाही, वर्कशॉपातच निघतो. ‘सेंटर गेलं’ म्हणजे गिअरबॉक्सची तबकडी आणि शाफ्टची तबकडी एकमेकींच्या वर-खाली किंवा आजूबाजूला सरकल्यात. तिसरा दोष कोनाचा : मध्य जुळतात, पण तोंड एका बाजूला उघडं राहतं. हे नंतरचे दोन्ही दोष इंजिनाच्या माउंटवर, म्हणजे इंजिन ज्या पायांवर बसतं तिथं, सुधारायचे. लाइनमध्ये घेणं ते हे.

ओळखायचं असं. कपलिंगचे बोल्ट काढा, दोन्ही फेस टेकेपर्यंत जवळ आणा आणि वर, खाली, डावीकडं, उजवीकडं फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पत्त्या) घाला. सर्वांत मोठी आणि सर्वांत लहान फट यांतला फरक तबकडीच्या दर २५ मिमी व्यासाला ०.०२५ मिमीपेक्षा जास्त नको, म्हणजे तुमच्या तबकडीला ०.१ मिमी. आता गिअरबॉक्सची तबकडी तशीच धरून फक्त शाफ्ट अर्धा फेरा फिरवा. मोठी फट शाफ्टबरोबर खाली गेली तर दोष शाफ्टचा किंवा त्याच्या तबकडीचा. जागच्या जागी राहिली तर इंजिन सरकलंय. फट वर जास्त असेल तर इंजिनाचे पुढचे माउंट उचलायचे, खाली जास्त असेल तर उतरवायचे.

हे माप होडी पाण्यात असतानाच घ्यायचं. जमिनीवर टेकू दिलेल्या होडीची बूड वेगळी बसते आणि डोलकाठीचे ताण दिल्यावर सांगाडा आणखी थोडा वाकतो. म्हणून डोलकाठी उभी, ताण नेहमीचे, आणि पाण्यात सोडून एक-दोन दिवस झालेले हवेत. शिवाय सुटा शाफ्ट स्वतःच्या आणि तबकडीच्या वजनानं झुकतो. तो आधार देऊन मध्यावर धरला नाही तर नसलेला दोष दिसतो.

उत्तर, गोकुळ शिरगाव

‘फेस मारणं’, म्हणजे लेथवर तोंड सपाट कापणं, या शब्दाबद्दलही. नुसतं कपलिंग चकमध्ये धरून फेस मारला तर तो शाफ्टवर चढवल्यावर खरा राहीलच असं नाही. आधी कपलिंग शाफ्टवर चावीसह (दोघांच्या खाचेत बसणारी पट्टी) पूर्ण बसवा, मग शाफ्ट धरून फेसची हलकी कट घ्या. चावी बाजूंनी घट्ट आणि डोक्यावर किंचित मोकळी हवी. उंच चावी कपलिंगला एका बाजूला ढकलते आणि रन-आउट परत येतो. तेव्हा शाफ्ट, कपलिंग, चावी तिन्ही एकत्रच मागवा.

कपलिंग शाफ्टवर आवळून धरणाऱ्या ग्रब स्क्रूसाठी शाफ्टला छोटे खळगे घ्या आणि स्क्रू तारेनं बांधा. रिव्हर्समध्ये पंखा शाफ्टला मागं ओढतो. स्क्रू ढिले असले तर शाफ्ट कपलिंगमधून निसटून मागं जातो आणि शाफ्ट ज्या नळीतून होडीबाहेर जातो तिच्यातून पाणी आत घुसतं. पंपात एवढा धोका नसतो, इथं होडी बुडू शकते.

विचारणा, शिरोली एमआयडीसी

‘ग्लँड दोरी’, शाफ्टभोवती पाणी अडवायला भरतात ती, मात्र तीच ना, नदीकाठच्या उपसा पंपाची?

उत्तर, शिवाजी उद्यमनगर

शब्द तोच, रीतही जवळपास तीच. सहसा तीन कडी. शाफ्टच्याच व्यासाच्या दांड्यावर गुंडाळून तिरकी कापायची आणि सांधे १२० अंशांनी फिरवून बसवायचे. एकच लांब दोरी गुंडाळत भरायची नाही. शाफ्ट फिरताना मिनिटाला दोन-तीन थेंब पडावेत, थांबल्यावर बंद. एकही थेंब नको म्हणून नट आवळला की ग्लँड तापते आणि शाफ्टला खाच पडते, मग नवी दोरीही गळते.

शाफ्ट हातात आहेच तर नळीत आणि ग्लँडखाली राहणारा भाग नखानं तपासा. साठलेल्या पाण्यात ऑक्सिजन कमी पडतो, स्टेनलेस स्टीलही तिथं खड्डे धरतं. तपकिरी डाग आणि टोकदार खड्डे असतील तर वेल्ड भरून खरडत बसू नका, शाफ्ट बदला. शाफ्टऐवजी स्वतः गंजणारा जस्ताचा अ‍ॅनोड निम्मा झिजला असेल तर तोही.

खड्डे नसतील तर शाफ्ट व्ही-ब्लॉकवर (व्ही आकाराच्या खाचेच्या ठोकळ्यांवर) ठेवून डायल गेज लावा, फिरवून तो किती हलतो ते पाहा आणि आकडा चिठ्ठीवर लिहा. ‘आउट’ एवढंच लिहिलेली चिठ्ठी परत पाठवू नका. होडीवाल्यानं बसवताना फटींचे चार आकडे आणि अर्ध्या फेऱ्यानंतरचे चार कळवावेत, असं त्याच चिठ्ठीवर मागा.