जुन्या गाण्यांतला नकार

ठाणेकर: घोडबंदर रोडवरच्या सोसायटीत कोजागरीला जुनी गाणी बसवतोय. कृष्ण गोपींची वाट अडवतो ती गौळण आणि मुलीच्या मागेमागे फिरणारं द्वंद्वगीत, दोन्ही गाळावीत का?

वाशीकर: एका मापाने मोजू नका. तमाशात गणानंतर, म्हणजे गणेशवंदनेनंतर, गौळण येते आणि गौळणींसोबतची मावशी कृष्णाला आणि त्याचा सवंगडी पेंद्याला सडेतोड उत्तरं देते. वेळ वाचवायला तिचेच संवाद कापले, की नुसती छेड उरते. ते पूर्ण ठेवा.

ऐरोलीकर: द्वंद्वगीतात तिच्या ओळी तपासा. ती नाही म्हणाल्यावर तो थांबतो की हात धरतो? शेवटच्या कडव्यात ती स्वतःहून बोलते का? नको म्हटल्यावरही केलेला पाठलाग २०१३ पासून कायद्याने गुन्हा आहे. म्हणून जुना कवी गुन्हेगार ठरत नाही, पण लहान मुलांना त्यावर नाचवू नका.

वाशीकर: लावणीही घेणार असाल, तर तिथे 'ती' बोलते, लिहिणारे पेशवाईतले शाहीर मात्र बहुतेक पुरुष. निवेदनात हे सांगाच.