दिव्यांगांच्या अनुदानात बँकेनं कर्जापोटी हात घालावा का?

आडवाट
माझा मावसभाऊ पोलिओनं एका पायानं अधू, दाखल्यावर ६५ टक्के. संजय गांधी निराधार योजनेचं अनुदान खात्यात येतं. आधी दीड हजार होतं, २०२५ मध्ये सरकारनं दिव्यांगांसाठी अडीच हजार केलं. गेल्या आठवड्यात तो पैसे काढायची स्लिप भरून काउंटरला गेला, तर स्लिप तशीच परत. "दादा, खात्याला होल्ड आहे." कारण काय, तर सहा वर्षांपूर्वी गल्लीतल्या एकाच्या टेम्पोच्या कर्जाला हा जामीन राहिलेला. टेम्पोवाला परागंदा. बँकेला सापडलं ते याचं खातं.

पासबुक छापून घेतलं. मागच्या दोन महिन्यांचं अनुदान जमेला दिसतंय, आणि दोन्हींच्या खाली त्याच तारखेला 'रिकव्हरी' म्हणून रक्कम नावे टाकलेली. खाली शिल्लक उरली ११ रुपये.

कर्ज बुडवा असं मी म्हणत नाही. पण जे पैसे सरकार माणसाच्या पोटासाठी देतं, ते बँकेनं कोणाला न विचारता उचलावेत? तुमचं काय मत?

जुना कॅशियर
मत विचारलंत म्हणून सांगतो, राग मानू नका. जामिनाच्या कागदावर सही करताना प्रत्येकाला वाटतं, आपण फक्त ओळख देतोय. करार कायद्याचं कलम १२८ काढून बघा, जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच. ९० दिवस हप्ता आला नाही की खातं एनपीए, म्हणजे थकीत-अनुत्पादक, होतं, आणि मग वरून जे फोन येतात ते तुमच्या भावाला नाही, शाखेतल्या माणसाला येतात. शिवाय बुडालेला पैसा बँकेचा नसतो हो, ठेवीदाराचा असतो. ठेवीदारही काही सगळे बंगलेवाले नसतात. खात्यात एकदा पैसा आला की तो अनुदानाचा की ऊसतोडीचा, हे कोण निवडत बसणार?

काळा कोट
इथे दोन गोष्टींची सरमिसळ होतेय. कोर्टामार्फत जप्ती आणणं वेगळं, आणि बँकेनं स्वतःकडच्या खात्यातून परस्पर वळतं करणं वेगळं.

जप्तीला दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ६० आडवं येतं. सरकारी पेन्शन जप्त करता येत नाही, १८७१ च्या पेन्शन कायद्याचं कलम ११ सुद्धा हेच सांगतं. पेन्शन-ग्रॅच्युइटीचे पैसे मुदत ठेवीत टाकले तरी त्यांचं संरक्षण जात नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं पंजाब नॅशनल बँकेच्या एका खटल्यात २००८ मध्येच म्हटलंय. म्हणजे "खात्यात आला की पैसा पैशासारखा" हे कॅशियरसाहेबांचं म्हणणं सरसकट खरं नाही.

आता दुसरी बाजू. ही सगळी भाषा नोकरी केलेल्याच्या पेन्शनची. निराधार अनुदानाचं नाव त्यात कुठे नाही, तिथे वाद घालावा लागतो. आणि बँक वळतं करते ती करार कायद्याच्या कलम १७१ मधल्या धारणाधिकाराचा, म्हणजे येणं वसूल होईपर्यंत हाती असलेलं अडवून ठेवण्याच्या हक्काचा, आधार सांगून, त्यासाठी तिला कोर्टाची पायरी चढावीच लागत नाही. गंमत बघा: ज्यानं दावा लावून हुकूमनामा मिळवला त्याच्या हाताला बेड्या, आणि ज्यानं दावाच लावला नाही त्याला रान मोकळं.

समुद्रापार
अमेरिकेत २०११ पासून एक नियम आहे. खातं गोठवण्याचा कोर्टाचा आदेश आला की बँकेनंच आधी मागचे दोन महिने तपासायचे. त्यात सोशल सिक्युरिटीचे अपंगत्वाचे पैसे थेट जमा झालेले दिसले तर तेवढी रक्कम मोकळी सोडायची. खातेदारानं अर्जविनंत्या करत फिरायचं नाही. अर्थात तिथेही मुलांची पोटगी नाहीतर कर थकला असेल तर वेगळे नियम आहेत. आणि तेच पैसे स्वतःच्या दुसऱ्या खात्यात हलवले की हे आपोआप मिळणारं कवच जातं, मग सिद्ध करत बसा. पण निवडत बसण्याचं काम बँकेचं, हे तरी तिथे ठरलेलं आहे.

हिरवी फाइल
आणि इथे निवडता येत नाही असं कुठे आहे? डीबीटीनं, म्हणजे सरकारकडून थेट खात्यात, आलेले पैसे आहेत हे त्या नोंदीतच कळतं. लाडकी बहीणचे पहिले हप्ते ऑगस्ट २०२४ मध्ये काही बँकांनी थकबाकीत वळते केले, बोंबाबोंब झाली आणि सरकारनं बँकांना सांगितलं, कापू नका. तिथे सांगता आलं, मग इथे कुठे अडलं?

तीनचाकी
सगळे माझ्या वतीनं बोलताय, तर मीही बोलतो. मी ८० टक्के, झेरॉक्सचं दुकान आहे. मला हे कवच नको.

मशीनसाठी कर्ज मागायला गेलो तेव्हा मॅनेजरनं पहिला प्रश्न केला, "फेडणार कशातून?" मी धंद्याची वही आणि अनुदानाचं पासबुक दोन्ही टेबलावर ठेवली. उद्या कायद्यानं म्हटलं की या पासबुकाला हातच लावायचा नाही, तर ते पासबुक दाखवून मला कर्ज कोण देईल? २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात कलम १३ आहे, इतरांच्या बरोबरीनं बँकेचं कर्ज मिळण्याचा हक्क. बरोबरी मागायची तर हप्त्यातही बरोबरी. 'बिचारा' म्हणून सोडून देणाऱ्यापेक्षा हप्ता मागणारा मला जास्त माणसात धरतो.

आडवाट
तुमचं पटतं, पण तुम्हाला मशीन मिळालं. माझ्या भावाला त्या टेम्पोत एकदा बसायलाही मिळालं नाही.

तीनचाकी
मग तुमचं भांडण जामीनकीशी आहे, अनुदानाशी नाही. ते वेगळं मांडा, मी तुमच्या बाजूनं येतो.

काळा कोट
एवढं वेगळं नाही ते. तुम्ही हप्ता ठरवून, सही करून देता. इथे महिन्याची सगळीच्या सगळी रक्कम उचललीय. पगारदाराचा पगार जप्त करतानासुद्धा कायदा काही भाग घरी जाऊ देतो.

हिरवी फाइल
तत्त्वाचं चालू द्या, तोवर कामाचं सांगते. आधारवर येणारे पैसे ज्या बँकेत आधार शेवटचं जोडलंय तिथे जातात. टपाल खात्याच्या पेमेंट्स बँकेत खातं उघडा आणि आधार तिथे जोडायला सांगा. पेमेंट्स बँकेला स्वतः कर्ज द्यायची परवानगीच नाही, मग कर्जापोटी वळतं कोण करणार? आणि सध्याच्या शाखेत लेखी अर्ज द्या: होल्ड कोणत्या नियमाखाली लावला, कळवा. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार. पैसे लागत नाहीत.

जुना कॅशियर
म्हणजे पळवाट.

हिरवी फाइल
टेम्पो गावातून पळाला तेव्हा कुठे होती तुमची वसुली?

आडवाट
अर्ज दिला. पोच द्यायला खळखळ केली, पण शिक्का मारून घेतलाच. साहेबांनी या महिन्याचे अडीच हजार काढू दिले, "तेवढ्यापुरता होल्ड काढतो, पुढचं बघू" म्हणाले. तोंडीच. उद्या भावाला घेऊन टपाल कचेरीत जातोय.

जुना कॅशियर
तोंडीवर थांबू नका. तेवढ्यापुरता काढलेला होल्ड संध्याकाळी परत लागतो, मीच कितीतरी लावलेत. अर्जावर शेरा लिहून घ्या, तारीख आणि सहीसकट. मत माझं तेच आहे, पण एवढं करा.