परदेशी मदत बंद करायची की शिस्तीत आणायची?

शिरोलीकर: अमेरिकेची यूएसएड ही १९६१ पासूनची मदतसंस्था १ जुलै २०२५ ला गुंडाळली गेली आणि उरलेलं काम परराष्ट्र खात्याकडे गेलं. तिथल्या उजव्या मंडळींचं मूळ म्हणणं मला पटतं. करदात्याचा पैसा बाहेर जाणार असेल तर हिशोब हवा, मुदत हवी आणि घेणाऱ्या सरकारनं स्वतःचाही वाटा घालायला हवा. नाहीतर ते सरकार आपल्या जनतेपेक्षा देणाऱ्याचंच तोंड बघत बसतं. आपण हे भोगलंय. १९६५-६६ च्या दुष्काळात पीएल-४८० च्या (अमेरिकेच्या अन्नमदत कायद्याखाली येणाऱ्या) गव्हासाठी अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष जॉन्सन यांनी आपल्याला महिन्या-महिन्याला ताटकळत ठेवलं. त्या गव्हातून आलं म्हणतात ते गाजर गवत आम्ही अजून बांधावरनं उपटतोय. सुटका झाली ती आपल्याच शेतकऱ्यानं पिकवलेल्या गव्हानं.

पंचगंगाकाठ: भावा, त्या गव्हाचं बियाणं कुठनं आलं? १९६६ मध्ये आपण मेक्सिकोतून १८,००० टन बियाणं आणलं. ते गहू तयार करणारे अमेरिकी शास्त्रज्ञ बोरलॉग यांच्या संशोधनामागे रॉकफेलर फाउंडेशन या अमेरिकी खासगी संस्थेचा पैसा होता. म्हणजे बाहेरच्या मदतीनंच आपल्याला पायावर उभं केलं. आणि शिस्त लावणं वेगळं, नळ एकदम बंद करणं वेगळं. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या परदेशी मदतीवर ९० दिवसांची स्थगिती आली तेव्हा आफ्रिकेत एचआयव्हीची औषधं देणारी केंद्रं बंद पडली. ही गोळी रोज घ्यावी लागते. खंड पडला की विषाणू पुन्हा वाढतो, आईकडनं बाळाला लागण होते. फायली तपासून होईपर्यंत त्या बाईनं काय करायचं?

राजारामपुरी: दोघांनीही अनुदान आणि कर्ज एकात मिसळू नका. २०१९ आणि २०२१ च्या महापुरानंतर आपल्या कोल्हापूरकडच्या पूरनियंत्रणासाठी जागतिक बँकेचा पैसा येतोय, तो फेडायचा आहे. म्हणून तर त्यावर आपण प्रश्न विचारू शकतो.

शिरोलीकर: @पंचगंगाकाठ औषधं अशी तोडणं चूकच, त्याचं समर्थन मी करणार नाही. पण एचआयव्हीची औषधं पुरवणारा अमेरिकेचा तो पेपफार कार्यक्रम २००३ मध्ये सुरू केला कुणी? बुश यांनी, म्हणजे रिपब्लिकन अध्यक्षानं. किती रुग्णांना औषध मिळालं हे त्यात मोजलं जातं, म्हणून तो टिकला. २००४ मध्ये त्यांनीच मिलेनियम चॅलेंज कॉर्पोरेशन ही वेगळी सरकारी मदतसंस्था काढली. कारभार, भ्रष्टाचारावरचा वचक, शिक्षण-आरोग्यावरचा खर्च यांच्या कसोटीवर उतरेल त्याच देशाशी करार, तोही पाच वर्षांचा. मला हवी ती सुधारणा हीच.

पंचगंगाकाठ: मग कसोटीत नापास सरकारच्या राज्यातलं पोर उपाशी राहिलं तर? सरकार नापास झालं, पोर नव्हे. रस्ते-धरणांना तुमच्या अटी खुशाल लावा. औषध आणि अन्न त्यातून वगळा, एवढंच माझं म्हणणं आहे.