परग्रहांवरची नावं आणि मानपान: कथेच्या कामाचे की नुसती सजावट?

नभचर:
विज्ञानकथांतल्या परग्रहवासीयांची नावं वाचून वीट आलाय. दोन-तीन खडबडीत अक्षरं, मध्ये एक अपॉस्ट्रॉफी, पुढे 'महासंरक्षक' छापाची पदवी, की झाली संस्कृती तयार! माझं म्हणणं सरळ आहे. नाव ठेवायची रीत किंवा मानाचं संबोधन लेखकाने घडवलं असेल, तर ते चुकल्यावर कुणाचं तरी काहीतरी बिघडलं पाहिजे. बिघडत नसेल तर काढून टाका.

बघा, 'स्टार ट्रेक: द नेक्स्ट जनरेशन' या अंतराळ-मालिकेचा 'एन्साइन रो' हा १९९१ चा भाग (एन्साइन म्हणजे कनिष्ठ अधिकारी). बजोर या परग्रहावरच्या जमातीतली रो लारेन अंतराळजहाजावर रुजू होते आणि कॅप्टन पिकार्ड तिला 'एन्साइन लारेन' म्हणतो. ती तिथल्या तिथे सुनावते: 'बजोरांमध्ये आडनाव आधी येतं. इतरांत मिसळून जाण्यासाठी बहुतेक जण आता नावाची ही मोडतोड चालवून घेतात, मी घेत नाही.' एवढ्यात त्या पराभूत समाजाची अवस्थाही कळते आणि बाईंचा स्वभावही.

कुंपणावरची:
साफ असहमत. ही नाटकाची कसोटी झाली, जगण्याची नाही. आपल्याकडे शाळेच्या हजेरीत आडनाव आधी, लग्नपत्रिकेत चि. आणि चि. सौ. कां. त्यातून रोज काय घडतं? काही नाही. तरीही ते असतं, आणि असतं म्हणूनच ते घर आपलं वाटतं.

नभचर:
लग्नपत्रिका तुमच्यावरच उलटतेय. आत्याच्या यजमानांचं नाव धाकट्या काकांच्या खाली छापून बघा. कथा कसली, कादंबरी होईल.

रिकामटेकडा:
😂 हे मात्र खरं.

पण नभचर, जिथे मानाचं संबोधनच नाही तिथे काय करणार? लेखिका उर्सुला ल ग्विन बाईंच्या 'द डिस्पझेस्ड' कादंबरीत (१९७४) अनारेस नावाच्या जगात नाव संगणक देतो. रोमन लिपीत पाच-सहा अक्षरांचं, आणि हयात माणसांत तेच नाव दुसऱ्या कुणाचं नसतं. आडनाव नाही, पदवी नाही. मग तिथला भौतिकशास्त्रज्ञ शेवेक शेजारच्या उरास ग्रहावर जातो आणि सगळे त्याला 'डॉ. शेवेक' म्हणू लागतात. इथे कुणी काही चुकत नाही, उलट सगळे अगदी रीतसर आदर दाखवतात, आणि नेमका तो आदरच त्याला परका करतो. शिवाय संगणकाने कितीही नेमकं नाव दिलं तरी जुना मित्र बेदाप त्याला 'शेव'च म्हणतो. (मराठी वाचकाला इथे भूक लागते, तो भाग वेगळा.)

पानउलट्या:
मला एवढंच म्हणायचंय की शेवटी नावांची यादी छापलेली दिसली की मी पुस्तक परत ठेवतो. कथा वाचायची की जनगणना करायची?

उल्का:
पानउलट्या, मग आर्केडी मार्टिनची 'अ मेमरी कॉल्ड एम्पायर' (२०१९) ही कादंबरी तुमच्यासाठी नाही. पण या चर्चेत ती यायलाच हवी. तेइक्सकलान साम्राज्यातल्या नावात आधी आकडा, मग वस्तू, वनस्पती किंवा संकल्पना: थ्री सीग्रास, ट्वेल्व्ह अझेलिया. रीत नुसती सांगून लेखिका थांबत नाही, तिला रुचीही जोडते. कुठलं नाव भारदस्त, कुठलं हास्यास्पद, हे तिथल्यांना उपजत कळतं. नायिका महित ही साम्राज्याबाहेरच्या छोट्या अवकाशस्थानकाची राजदूत. लहानपणी भाषेच्या वर्गात तिने स्वतःसाठी 'नाइन ऑर्किड' हे नाव निवडलेलं असतं. ज्या साम्राज्याची भीती वाटते, त्याचंच नाव मिरवायची हौस! पूर्ण कादंबरीचं दुखणं त्या एका नावात आहे.

नभचर:
ही हौसही महाग पडतेच, म्हणजे माझ्या कसोटीत बसते. शेवेकचं परकेपणही बसवता येईल. पण 'स्टार ट्रेक'मधल्या व्हल्कन या परग्रहवासी मंडळींना सूट नाही. १९६७ च्या 'अमोक टाइम' या भागात टी'पाउ आणि टी'प्रिंग, पुढे टी'पॉल. बहुतेक बायकांना एकच ठसा. याला रीत कसं म्हणायचं?

कुंपणावरची:
आणि पुरुष? स्पॉक, सारेक, सुराक. हा नियम कुणीही उभं राहून समजावत नाही, तो मोडला म्हणून कुणाचं काही बिघडतही नाही. तरी चार भाग पाहिलेला प्रेक्षक नवं नाव कानावर पडताच ओळखतो की येणारी व्यक्ती बाई आहे की पुरुष. तुमच्या पिकार्डला जे सांगावं लागलं, ते इथे प्रेक्षकाने आपणहून उचललं. मला दुसरी पद्धत जास्त अवघड वाटते, आणि तिच्यात भाषणबाजीही कमी.

रिकामटेकडा:
+१. आता 'स्टार ट्रेक'मधल्याच क्लिंगॉन या लढवय्या जमातीच्या 'मोगचा पुत्र वॉर्फ'वर कुणीतरी लिहा. बापाची बदनामी झाली की त्या नावाचं काय होतं, त्यावर नभचर आणि तुमचं एकमत होईल अशी मला भीती आहे.