१६एक्सने बर्न केलेली डीव्हीडी जुन्या प्लेअरवर शेवटी शेवटी का अडकते?

अशोकचौक_डेस्कटॉप:

नमस्कार मंडळी. घरातल्या लग्नकार्यांची आणि सोलापूरच्या संक्रांतीतील गड्ड्याच्या यात्रेतल्या नंदीध्वजांच्या (मानाच्या उंच काठ्यांच्या) मिरवणुकीची जुनी चित्रणे मी कॅमेऱ्याच्या मिनी डीव्ही टेपवरून संगणकावर उतरवून घेतली आहेत. वडीलधाऱ्यांना पेन ड्राइव्ह आणि फाइलींची यादी नको असते, आणि दिवाणखान्यातला जुना डीव्हीडी प्लेअर अजून ठणठणीत आहे. त्यामुळे ही चित्रणे रीतसर डीव्हीडी-व्हिडिओ स्वरूपात बर्न करण्याचे काम हाती घेतले आहे. रायटर, म्हणजे डिस्कवर लिहिणारा ड्राइव्ह, जुना, साटा जोडणीचा आहे. डिस्क पन्नासच्या डब्यातल्या आहेत आणि त्यांवर १६एक्स (म्हणजे मूळ वेगाच्या सोळा पट लेखनवेग) असे छापलेले आहे. बर्न करताना कोणतीही त्रुटी दिसत नाही, नंतरची पडताळणीही यशस्वी होते आणि संगणकावर डिस्क अथपासून इतिपर्यंत चालते. प्लेअरवर मात्र शेवटच्या दहा-पंधरा मिनिटांत चित्राचे चौकोन पडू लागतात आणि शेवटी सगळे ठप्प होते. दोष डिस्कचा, रायटरचा की प्लेअरचा? शिवाय आमच्या वरच्या खोलीवर पत्रे आहेत. मे महिन्यात तिथल्या कपाटात या डिस्क टिकतील का, हेही जाणकारांनी सांगावे.

पिट_आणि_लँड:

अडथळा नेमका शेवटी येतो, यातच बरेचसे उत्तर आहे. डीव्हीडीवरील लेखन आतल्या कडेपासून सुरू होऊन बाहेरच्या कडेकडे सरकते, आणि बहुतेक रायटर १६एक्स हा वेग केवळ अगदी बाहेरच्या पट्ट्यातच गाठतात. आत ते त्याच्या निम्म्याहूनही कमी वेगाने लिहीत असतात. त्या शेवटच्या टप्प्यात डिस्क मिनिटाला नऊ हजारांहून अधिक फेरे घेते. तिच्यात किंचित बाक असेल किंवा कडेजवळ, लेझर ज्यावर लिहितो तो रंगद्रव्याचा थर असमान बसलेला असेल, तर लेझरचा नेम आणि शक्ती दोन्ही तिथेच ढळतात. स्वस्त डिस्कमधील कसर प्रथम कडेलाच उघडी पडते, ती यामुळे.

पडताळणी यशस्वी झाली म्हणजे डिस्क उत्तम, असे मात्र समजू नये. संगणकाचा ड्राइव्ह अडचणीच्या जागी वेग कमी करतो, पुन्हा पुन्हा वाचतो, आणि त्रुटी दुरुस्त करून झाल्यावर जे हाती येते तेवढेच तपासतो. दुरुस्तीला किती ताण पडला याचा पत्ता तो लागू देत नाही. दिवाणखान्यातल्या प्लेअरला चित्र चालू ठेवायचे असल्याने एवढी सवड नसते. खरी परीक्षा पीआय त्रुटींच्या, म्हणजे दुरुस्तीच्या पहिल्या टप्प्यात सापडणाऱ्या चुकांच्या, आलेखात होते. सलग आठ ब्लॉकांतील (माहितीच्या ठरावीक गठ्ठ्यांतील) या त्रुटींची बेरीज २८० च्या आत असावी, असा प्रमाणित डीव्हीडीसाठी दंडक आहे. सगळे ड्राइव्ह हे आकडे देत नाहीत; लाइट-ऑन कंपनीचे अनेक जुने ड्राइव्ह देतात, आणि नीरो डिस्कस्पीड या प्रोग्रॅममध्ये तो आलेख पाहता येतो. तुमच्या डिस्कचा आलेख बहुधा उजवीकडे चढत गेलेला दिसेल.

उपाय साधा आहे. ८एक्सने बर्न करा आणि चित्रणाचा आकार चार जीबीच्या आत ठेवा, म्हणजे बाहेरचा पट्टा कोराच राहील. डिस्कवर ४.७ जीबी छापलेले असले तरी संगणकाच्या हिशेबाने ती ४.३८ भरते, तेव्हा तुम्हाला फार काही सोडावे लागणार नाही. जितके हळू तितके चांगले, या समजुतीने २एक्सवर मात्र जाऊ नका. १६एक्सच्या डिस्कचे रंगद्रव्य जलद लेखनासाठी बेतलेले असते, आणि अतिशय कमी वेगाने कित्येकदा त्रुटी उलट वाढतात.

साखरपेठ_यंत्रमाग:

वरील उत्तराशी मी सहमत आहे, पण सोलापुरात आणखी एका संशयिताची झडती घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये, आणि तो म्हणजे कापसाची उडती तूस. संगणकाच्या कॅबिनेटमधील पंखे हवा बाहेर फेकणारे जास्त आणि आत घेणारे कमी असतील, तर आतला तुटवडा पुढच्या फटींतून भरून निघतो, आणि त्यांतली सर्वांत रुंद फट डीव्हीडीच्या ट्रेभोवती असते. शेजारी माग चालू असलेल्या घरातला असा एक ड्राइव्ह मी उघडला होता. त्याच्या लेन्सवर करडी साय धरली होती आणि एक लांब धागा लेन्सवरून थेट मोटरच्या दांड्यापर्यंत गेला होता. लेन्स साफ करताना आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये जेमतेम ओलावलेला, तंतू न सोडणारा बोळा वापरावा आणि दाब अजिबात देऊ नये, कारण ती लेन्स केसासारख्या बारीक तारांवर तोललेली असते. प्लेअरच्या लेन्सलाही हाच नियम लागू आहे.

होटगीरोड_बॅकअप:

मूळ प्रश्नाला थोडा फाटा देत आहे, पण डीव्हीडी ही पाहण्याची प्रत मानावी, जतनाची नव्हे, असे माझे स्पष्ट मत आहे. अमेरिकेतील एनआयएसटी या संस्थेने २००३ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनात डिस्क ४ ते २० अंश सेल्सिअस तापमानात ठेवाव्यात असे सुचवले आहे. आपल्याकडे २० अंश म्हणजे यात्रेच्या दिवसांतली पहाट! पत्र्याखालच्या कपाटात मेच्या दुपारी काय होत असेल, ते वेगळे सांगायला नको. उष्णता आणि प्रकाश हे सेंद्रिय रंगद्रव्याचे उघड वैरी आहेत. म्हणून मूळ फाइली दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवा, त्यांतली एक दुसऱ्या घरी.

दुसरे म्हणजे, डब्यावरील नावावर भिस्त ठेवू नका. डिस्कच्या आत निर्मात्याची सांकेतिक ओळख नोंदलेली असते आणि रायटर तीच वाचून लेझरची चाल ठरवतो. एकाच छापील नावाच्या दोन डब्यांत दोन कारखान्यांचा माल निघू शकतो. एके काळी मोझर बेअरसारखी मोठी कंपनी या देशातच डिस्क बनवत होती. २०१८ मध्ये ती दिवाळखोरीत निघाली. सोनीनेही २०२५ च्या फेब्रुवारीत कोऱ्या ब्लू-रे डिस्कचे उत्पादन थांबवले. बाजार असा आटत असताना चांगला माल दिसला तर थोडा जास्त घेऊन ठेवावा.

पिट_आणि_लँड:

हार्ड डिस्कविषयी दुमत नाही, परंतु सर्व डिस्कना एकाच तागडीत तोलू नये. डीव्हीडीचा लेखनथर ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्यांमध्ये सुरक्षित असतो, तर सीडीचा वरच्या वार्निशाच्या अगदी खाली, त्यामुळे सीडीवर बॉलपेनने नाव लिहिणे म्हणजे मजकुरावरच नांगर फिरवणे होय. अजैविक थराची बीडी-आर (एकदाच लिहिता येणारी ब्लू-रे डिस्क) तर उष्णता आणि प्रकाश या दोन्हींत रंगद्रव्याच्या डिस्कपेक्षा उजवी ठरते. कपाट खालच्या मजल्यावर, आतल्या भिंतीला लावा आणि डिस्क कठीण डब्यांत उभ्या ठेवा.

अशोकचौक_डेस्कटॉप:

सर्वांचे आभार. ८एक्सने आणि चार जीबीच्या आत बर्न केलेली मिरवणुकीची डिस्क प्लेअरवर शेवटच्या काठीपर्यंत विनातक्रार चालली. लेन्सवर खरोखरच तूस होती. ती काढली आहे आणि पुढच्या बाजूला आत हवा घेणारा पंखा जाळीसह बसवला आहे. आता रायटरचा ट्रे मात्र दुपारच्या वेळी उघडत नाही. आतून गुरगुरल्याचा आवाज येतो आणि तो परत शांत होतो. सकाळी तोच ट्रे व्यवस्थित बाहेर येतो.

साखरपेठ_यंत्रमाग:

ट्रे ओढणारा छोटा रबरी पट्टा सैल पडला आहे. उन्हाने तो आणखी ढिला होऊन पुलीवर घसरत असावा. आत डिस्क अडकली असल्यास संगणक पूर्ण बंद करून पुढच्या बारीक छिद्रात सरळ केलेली टाचणी हलकेच दाबा, ट्रे थोडा बाहेर येईल. पट्टा आणि पुली अल्कोहोलने पुसल्यास काही काळ काम भागते, पण बदलणेच श्रेयस्कर. दुकानात जाताना जुना पट्टा सोबत न्या आणि नवा त्याच जाडीचा, किंचित लहान घेराचा घ्या. फार घट्ट घेतलात तर छोट्या मोटरवर ताण येईल आणि ट्रे मध्येच थांबेल.