वैयक्तिक विकीवर अभ्यासक्रम रचावा का?

यंत्रशाळा:
“वैयक्तिक विकी ही नोंदवही आहे, तिच्यावर अभ्यासक्रम रचणारे विद्यार्थ्याला रानात सोडून देतात,” असे काल येथे लिहिले गेले. ते मला फार खटकले, म्हणून सविस्तर लिहितो. लेथ (धातू कातण्याचे यंत्र) शिकणाऱ्या मुलांसाठी मी सहा वर्षे टिडलीविकीवर, म्हणजे एकमेकींना जोडलेल्या छोट्या नोंदींच्या वैयक्तिक विकीवर, धडे तयार करतो आहे. जेरेमी रस्टन यांनी २००४ मध्ये आणलेल्या या विकीत मजकूर, शोध आणि मांडणी ब्राउझरमध्ये उघडणाऱ्या एकाच एचटीएमएल फाइलमध्ये मावते, त्यामुळे पेन ड्राइव्हवरून दिलेला अभ्यासक्रम इंटरनेट नसलेल्या वर्कशॉपमध्येही उघडतो. लीस्ट काउंटची (साधनाने मोजता येणाऱ्या सर्वांत लहान मापाची) नोंद मी एकदाच लिहितो आणि व्हर्नियर व मायक्रोमीटर या मोजमापाच्या साधनांच्या दोन्ही धड्यांत तीच दाखवतो. चूक सुधारली की दोन्हीकडे सुधारते. व्हर्नियर वाचायला एकाला अर्धा तास लागतो, दुसऱ्याला दोन दिवस. त्या दोघांना एकाच वेगाने का हाकायचे?

परिचारिका_शिक्षिका:
आपापल्या गतीने शिकणे म्हणजे हवे ते पान उघडणे नव्हे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ फ्रेड केलर यांनी १९६८ मध्ये मांडलेल्या पद्धतीत विद्यार्थी स्वतःच्या वेगाने जात असे, पण एका घटकाची चाचणी नीट उत्तीर्ण झाल्याशिवाय पुढचा घटक त्याला मिळत नसे. आपण पहिला अर्धा भाग उचलला आणि दुसरा सोडून दिला. आमच्याकडे अशाच विकीवरून शिकलेली एक मुलगी निर्जंतुकीकरणाचा धडा न वाचताच ड्रेसिंगच्या धड्यावर पोहोचली होती, आणि ते कळले तेव्हा ती रुग्णाजवळ उभी होती. मूडल या ऑनलाइन अभ्यासक्रम चालवण्याच्या प्रणालीत मागची चाचणी झाल्यावरच पुढचा धडा उघडेल अशी अट घालता येते.

जुना_वापरकर्ता:
क्रमाचे नंतर पाहू. आधी जतन करण्याचे बोला. ब्राउझरमधले पान स्वतःच्या फाइलवर परस्पर लिहू शकत नाही, म्हणून दर वेळी नवी प्रत डाउनलोड होते. २०१७ मध्ये माझ्या ब्राउझरने जुन्या धाटणीची ॲड-ऑन (ब्राउझरला जोडायच्या छोट्या सोयी) बंद केली आणि जतन करण्याची माझी सोय गेली. पुढे एकाच नावाच्या अकरा प्रती साठल्या. त्यांतली चुकीची ठेवून बाकीच्या मी पुसल्या आणि चार महिन्यांच्या नोंदी गमावल्या.

यंत्रशाळा:
विद्यार्थ्याने काही जतन करायचेच नसते. मास्टर फाइल माझ्याकडे असते, त्याने फक्त वाचायचे.

जुना_वापरकर्ता:
मग विकी कशाला हवी, छापील पुस्तिका द्या! शिकणाऱ्याने स्वतःची नोंद जोडावी, झालेल्या धड्यावर खूण करावी, यासाठीच तर ती असते. ती खूणही त्या फाइलमध्येच राहते; फाइल जतन झाली नाही तर दुसऱ्या दिवशी मुलगा पुन्हा पहिल्या धड्यावर असतो. ब्राउझरच्या साठवणीत बदल ठेवणारे टिडलीविकीचे प्लगइन (जोडसोय) आहे हे मला माहीत आहे, पण वर्कशॉपच्या सामायिक संगणकावर कोणी ब्राउझरचा डेटा साफ केला की तेही जाते.

यंत्रशाळा:
आपण एकदा पोळलात म्हणून सगळ्यांना घाबरवू नका. टिडलीविकी उघडण्यासाठीचे टिडलीडेस्कटॉप हे संगणकावरचे ॲप वापरले तर फाइल जागच्या जागी जतन होते, आणि आमच्या तीनही संगणकांवर ते आहे.

परिचारिका_शिक्षिका:
तीन संगणकांच्या खोलीवरून आपण सर्वांना सल्ला देता आहात, हे योग्य नाही. माझ्या मुलींकडे मोबाइल आहेत. त्यांच्या खुणा कोण पाहणार?

यंत्रशाळा:
या मुद्द्यावर मला माघार घ्यावी लागते. कोण कुठवर पोहोचला हे एका जागी पाहण्याची सोय माझ्या फाइलमध्ये नाही. प्रत्येक धड्यानंतर मी मुलाला यंत्रापाशी बोलावतो, जॉब (त्याने यंत्रावर केलेला भाग) मोजून घेतो आणि वहीत सही करतो. माझ्याकडे नऊ मुले आहेत म्हणून हे जमते.

परिचारिका_शिक्षिका:
म्हणजे केलरची चाचणी आपण घेताच, फक्त विकीबाहेर. हे पहिल्यांदाच लिहिले असते तर मी इतके ताणले नसते. वॉर्डात काम करताना चटकन पाहण्यासाठी विकी उपयोगी पडेल, इतके मी मान्य करते. ड्रेसिंगचा धडा मात्र मी तिच्यावर ठेवणार नाही.

जुना_वापरकर्ता:
मोबाइलवर जतन कसे करायचे, याचे उत्तर अजून कोणीच दिलेले नाही.